यादीत नसलेली कढई

खोलीत चार खुर्च्या होत्या, विजेची दोन यंत्रं, आठ स्पंज, मिठाच्या पाण्याची एक बाटली, डोक्याला बांधायचे दोन रबरी पट्टे, आणि खोबरेल तेल लावून चापूनचोपून विंचरलेली सात डोकी.

पहिल्या डोक्यावर मी ओला स्पंज ठेवला, पट्टा आवळला आणि यंत्राकडे बघितलं. विजेला होणारा अडथळा दहा किलोओहमच्या खाली यायला हवा होता. तो साठावर अडकला होता. दुसऱ्या डोक्यावरही तेच. तेलातून वीज जात नाही हे मला ठाऊक होतं. पण दवाखान्यात जायचं म्हणून बायका आदल्या दिवशी न्हाऊन, सकाळी तेल लावून, भांग काढून येतील, हे मी शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तेल पुसावं लागेल, असं मी म्हणालो.

"विस्कटल्या केसांनी डॉक्टरच्या दारात यायचं व्हय?" खुर्चीतल्या इंदूताई हावळ म्हणाल्या. "आमाला काय वळण हाय का न्हाई?"

मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्यांची टाळू पुसायला लागलो. बाकीच्या सहाजणी हसत होत्या. सहापैकी पाच म्हणायला हवं. खिडकीजवळच्या बाई हसत नव्हत्या. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या, आणि माझं झाल्यावर त्यांनी आपणहून पदराच्या टोकानं स्वतःचं कपाळ आणि भांग पुसायला घेतला.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन बाहेर पडलो होतो आणि इचलकरंजीच्या एका छोट्या दवाखान्यात डॉ. वैजयंती शिराळकरांच्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागलो होतो. साठीच्या पुढे माणसाला विसरायला होतं, ते थोडं मागे हटवता येतं का, असा प्रश्न होता. डोक्यावरून वीस मिनिटं अगदी बारीक प्रवाह सोडायचा आणि तेवढ्या वेळात टॅबलेटवर स्मरणाचे खेळ खेळायला द्यायचे. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. निम्म्या लोकांना खरा प्रवाह मिळायचा. उरलेल्यांना पहिलं अर्धं मिनिट मुंग्या यायच्या, मग यंत्र गुपचूप बंद व्हायचं. कोणाला कोणता, हे मलाही माहीत नव्हतं. मी फक्त यंत्रात एक आकडा टाकायचो.

पहिल्याच दिवशी त्या बायकांनी मला नाव दिलं. परीक्षा घेतोय म्हणजे मास्तरच की, असं इंदूताई म्हणाल्या, आणि मी मास्तर झालो.

सातहीजणी एकाच गल्लीतल्या, एकाच भजनी मंडळातल्या. यंत्रमागांच्या दोन शेडच्या मधे त्यांचं मारुतीचं देऊळ होतं. प्रत्येकीनं विसरायला होतं म्हणून नाव नोंदवलं होतं, पण सगळ्या आल्या होत्या त्या खिडकीजवळच्या बाईंसाठी. त्यांचं नाव आक्काताई खोत. वय एकाहत्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, घरात एकट्या.

"हिच्या पोरानं शेगडीचं नाक कापून नेलंय," इंदूताई म्हणाल्या.

मला कळलं नाही. मग ते सगळ्याजणींनी मिळून सांगितलं. आक्काताई शेगडी चालू ठेवून विसरतात. श्रावणाच्या आधी एकदा भांडं जळालं, खोलीत धूर झाला. मुलगा जयसिंगपूरला असतो. त्यानं गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर काढला आणि पिशवीत घालून घेऊन गेला. खानावळीचा डबा लावून दिला. तेव्हापासून घरात चहासुद्धा होत नव्हता.

"डबा चांगला असतोय," आक्काताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण पाव्हणं आलं तर मी त्यास्नी काय देऊ? पाणी?"

मुलगा दुपारी आला. सर्जेराव खोत, पन्नाशीच्या आतला, मोटार वायंडिंगचं दुकान चालवणारा. आईला न्यायला आला होता, पण आधी माझ्या यंत्राजवळ गेला. किती प्रवाह सोडता, असं त्यानं विचारलं. दोन मिलिअँपिअर, मी म्हणालो.

"एवढ्यावर खेळण्यातली मोटर पण फिरत न्हाई, सर."

डोकं मोटरपेक्षा हलक्या हातानं चालतं, असं काहीतरी मी बोललो. तो हसला नाही. त्यानं मला हिशोब सांगितला. आईला एकटीला टाकी पावणेचार महिने जायची, वर्षानुवर्षं. यंदा एक टाकी दीड महिन्यात संपली. गळती असेल म्हणून त्यानं नळी बदलली, साबणाचं पाणी लावून बघितलं. गळती नव्हती. "मग एक दिवस न सांगता आलो," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

डॉ. शिराळकर त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. आई खूप पुढे गेलेली नाही, रोजचं सगळं स्वतः करते, फक्त हातातलं काम मधेच निसटतं, असं त्यांनी समजावलं. सर्जेरावला आकडा हवा होता. शेवटी डॉक्टर म्हणाल्या की पंधरा शब्दांची एक यादी असते, ती वाचून दाखवायची आणि वीस मिनिटांनी विचारायची. त्यांच्या वयाला आठ शब्द आले तर चांगलं म्हणायचं.

"मग आठ आले की मी रेग्युलेटर आणून देतो," सर्जेराव आईकडे बघत म्हणाला. "डॉक्टरांच्या समोर सांगतोय. आठ."

दारात सहाजणी उभ्या होत्या. त्यांनी तो आकडा ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी पहिली चाचणी घेतली. एकेकीला आत बोलावून यादी वाचायचो. विहीर, कात्री, पोपट, टोपी, नदी, शाळा, पेरू, चंद्र, घोडा, पडदा, शेंगा, चाक, मेंढी, दिवा, होडी. मग वीस मिनिटं चित्रं जुळवायला द्यायचो आणि विचारायचो. इंदूताईंना नऊ आले, बाकीच्यांना सात ते नऊच्या मधे. आक्काताईंना चार. पोपट, नदी, शेंगा, दिवा. दिवा म्हटल्यावर त्या थांबल्या. भिंतीकडे बघत होत्या, तिथे लिहिलेलं असावं तसं. मग म्हणाल्या, "होतं की हो इथंच." आणि हाताचा पंजा पालथा करून छातीवर ठेवला.

पुढचे तीन आठवडे सुरळीत गेले. बायका तेल न लावता यायच्या आणि त्याबद्दल मला रोज टोमणे मारायच्या. गल्लीत विचारतात कुणाचं सुतक आहे का म्हणून, असं एकजण म्हणाली. इंदूताईंना प्रवाह फार जाणवायचा. डोक्यात मुंग्या, कानात शीळ, आणि गुडघ्याचं दुखणं निम्म्यानं कमी. गुडघ्याचा आणि याचा संबंध नाही, हे मी तीनदा सांगितलं. "तुमचं वय काय, माझ्या गुडघ्याचं वय काय," असं त्यांचं उत्तर होतं.

आक्काताई प्रवाहाबद्दल काही बोलत नसत. टॅबलेटवर त्या हळू होत्या. भाजीच्या टोपलीचा एक खेळ होता. टोपलीत काय काय टाकलं ते झाकण लागल्यावर सांगायचं. पहिल्या आठवड्यात त्यांना तीन वस्तू टिकायच्या, तिसऱ्या आठवड्यात चार. चूक झाली की यंत्र एक लाल फुली दाखवायचं. फुली आली की त्या मला म्हणायच्या, "रागावलं बघा." एकदा मी चहा मागवला. कपातला पहिला घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की आलं कुटून घातलंय की किसून. मला माहीत नव्हतं. "किसलंय," त्या म्हणाल्या. "कुटलेलं असं लागत न्हाई."

तिसरा आठवडा संपला की मधली चाचणी होती. आमच्या आराखड्याप्रमाणे तीत पहिलीच यादी पुन्हा वापरायची होती.

पहिल्या पाळीला इंदूताई आल्या. पंधरापैकी पंधरा. मी खूश झालो. पुढच्या बाईंना पंधरा. तिसरीला चौदा. माझी खुशी तिथे थांबली. मी उत्तरं ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं लिहून घ्यायचो, आणि तिघींचा क्रम एकच होता. विहीर, पोपट, नदी, होडी. मी वाचला तो क्रम हा नव्हता. शिवाय तिघींनीही शेवटी एक शब्द सांगितला होता जो माझ्या यादीत नव्हता. कढई.

मी उरलेल्या चौघींची चाचणी घेतली. सगळ्यांच्या शेवटी कढई. आक्काताई शेवटच्या होत्या. त्यांना बारा शब्द आले. मधले तीन गळले होते, कढई गळली नव्हती.

माणूस यादीत नसलेला शब्द कधीकधी सांगतो. घोडा असेल तर गाढव सांगतो, नदी असेल तर ओढा. पण माझ्या यादीत भांडं एकही नव्हतं, आणि सात वेगवेगळ्या डोक्यांनी तेच चुकीचं भांडं, तेही त्याच जागी बाहेर काढलं होतं. प्रवाहानं असं होत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मला कारण बघायचं होतं. शनिवारी दुपारी मंडळ देवळात बसतं हे मला माहीत होतं. मी गेलो. दोन्ही बाजूंच्या शेडमधून मागांचा खडखडाट येत होता. त्याच्यावरून टाळांचा आवाज ऐकू येईपर्यंत मी देवळाच्या पायरीशी पोचलो होतो. सातजणी गोल बसल्या होत्या. आक्काताईंच्या हातात चिपळ्या होत्या, आणि गवळणीच्या चालीवर त्या गात होत्या:

विहिरीवरला पोपट बोले, नदीत होडी जाय गं,
घोड्याला टोपी, मेंढीला शेंगा, शाळेत पेरू खाय गं,
चंद्राचा दिवा, पडद्याला कात्री, चाकावर कढई हाय गं.

मागून सहाजणी तेच उचलत होत्या. मला बघून टाळ एकेक करून थांबले. चिपळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या.

कोणी पळालं नाही, कोणी नाकारलं नाही. मला बसायला पाट दिला, हातावर फुटाणे आणि गूळ ठेवला. मग इंदूताईंनी सांगितलं. पहिल्या चाचणीनंतर बाहेरच्या बाकावर प्रत्येकीनं आपल्याला आठवतील ते शब्द सांगितले. कोणाला सात, कोणाला नऊ, पण सगळ्यांचे वेगळे. एकत्र केले तर पंधरा भरले. आता आक्काला आठ यायलाच हवे होते, म्हणून ते शब्द गाण्यात बसवले, रोज म्हणायचे ठरवले.

"पण मग तुम्ही सगळ्यांनी का सांगितले?" मी विचारलं.

"एकट्या आक्काचंच वाढलं असतं तर तुमाला संशय आला असता," इंदूताई म्हणाल्या. "सगळ्यांचं वाढलं की औषधाचा गुण म्हणायचा."

मला हसू आलं आणि ते मी आवरलं नाही. मग मी विचारलं की शब्दांना ही चाल कोणी लावली. सहाही हातांनी आक्काताईंकडे बोट दाखवलं. मंडळाच्या सगळ्या चाली तिच्याच, पहिल्यापासून, असं कळलं. बाकीच्या वही बघून म्हणतात, आक्का कधी वही धरत नाही. शब्द तिच्या हातात दिले की ती चिपळ्या वाजवत बसते आणि संध्याकाळी चाल देते. अजून देते.

"आणि कढई?"

"ओळ लंगडत होती," आक्काताई म्हणाल्या. "म्हणून घातली."

सोमवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, गाण्यासकट. त्यांनी ओळी मला दोनदा म्हणायला लावल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मधल्या चाचणीचे सातही निकाल बाद करायचे, असं ठरलं. शेवटच्या चाचणीसाठी दुसरी यादी होतीच, ती अजून कोणी ऐकली नव्हती. ती एकाच दिवशी घ्यायची, चाचणी झालेल्या बाईनं बाहेर थांबलेल्या बाईला भेटायचं नाही, आणि आक्काताईंचा नंबर पहिला.

बायकांना हे मी सांगितलं. इंदूताईंनी मला जिन्यात गाठलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं की नव्या यादीतला निदान एक शब्द तरी सांगता येईल का, नुसती वाट दाखवायला. येणार नाही, असं मी म्हणालो. म्हातारीनं चहा करून प्याला तर सरकारचं काय जातंय, असं त्या म्हणाल्या. मागून आक्काताई एकेक पायरी उतरत येत होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

"राहू दे गं इंदू," त्या म्हणाल्या. "त्यांचं माप त्यास्नी घेऊ दे. खोट्या मापानं घेतलेलं घरात टिकत न्हाई."

शेवटच्या चाचणीला सर्जेराव दुकान बंद करून आला. त्याच्या हातात दुधाची धुतलेली पिशवी होती आणि तिच्यात रेग्युलेटर. त्यानं तो आणला, याचं मला बरं वाटलं. त्याला आठ यायला हवे होते हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. तो खुर्चीच्या कडेला बसला होता आणि पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

मी नवे पंधरा शब्द वाचले. वीस मिनिटं चित्रं जुळवायला दिली. आक्काताई चित्रं जुळवत होत्या आणि उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर आपटत होती. ओठ हलत होते. नियमात गुणगुणण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी कागदाच्या कडेला 'गुणगुणल्या' असं लिहिलं आणि त्यांना अडवलं नाही.

वेळ संपल्यावर मी विचारलं. त्यांनी डोळे मिटले. एक शब्द, दुसरा, तिसरा. चौथा आणि पाचवा एकदम आले, ठेक्यात. मग बोटं थांबली. बऱ्याच वेळानं सहावा. मी पेन धरून बसलो. सर्जेराव आईकडे नाही, माझ्या पेनाकडे बघत होता.

"तोंडात कढई येतीय," आक्काताई म्हणाल्या. "पण ती न्हवती ह्यात."

"नव्हती," मी म्हणालो.

"मग झालं."

सहा. मी आकडा मोठ्यानं सांगितला, कारण तो सांगायचा असं ठरलं होतं. डॉ. शिराळकर म्हणाल्या की चाराचे सहा झालेत. मग त्यांनीच पुढे सांगितलं की एवढा फरक नुसता दिवस बदलला तरी पडतो. सर्जेरावनं मान हलवली. पिशवीचं तोंड त्यानं गुंडाळलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी काय हौसेनं काढून न्हेलो का, डॉक्टर?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी आत गेलो तर कढई लाल झालेली. रिकामी. खाली निळी ज्योत, वर लाल कढई. दांडीवरचं फडकं पेटत आलेलं. आणि ही बाहेरच्या खोलीत गाणं म्हणत शेंगा फोडत बसलेली. मला बघून म्हणाली, आलास व्हय, चहा टाकती."

मी आक्काताईंकडे बघितलं.

"सर्ज्या," त्या म्हणाल्या, "तो दिवस मला आठवत न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"तू सांगितलास तेवढाच हाय माझ्याकडं. तो बी जाईल. रोज थोडा थोडा जातोय." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, त्या दिवशी मी तुमाला खोटं बोलले. ओळ लंगडत न्हवती. 'चाकावर पाणी' बसलं असतं, 'चाकावर माती' बसली असती. कढई मी मुद्दाम घातली. गाण्यात बसलं की माझं ऱ्हातंय. हिला मला विसरायचं न्हवतं."

सर्जेरावनं पिशवी मांडीवर ठेवली. डॉक्टर त्याला म्हणाल्या की आठाचा आकडा मी तुम्हाला द्यायला नको होता. शब्दांच्या यादीवरून शब्द कळतात. शेगडी बंद होते की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

"मग ते कशावरून कळतं?" त्यानं विचारलं.

"शेगडीवरून," मी म्हणालो. मला ते मोजता येईल अशी एकच जागा दिसत होती. "आत्ता जाऊन बघू या का?"

आम्ही चौघं गेलो. आक्काताई, सर्जेराव, मी, आणि न बोलावता इंदूताई. त्यांची आणि बाकीच्यांची चाचणी मी दुपारवर ढकलली, आणि यादीबद्दल एक शब्दही बोलायचा नाही असं दोघींना बजावलं. घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात टाकीवर एक धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. शेगडी घासून लख्ख होती, दोन महिने तिच्यावर काही शिजलं नव्हतं तरी. खिळ्याला ती कढई टांगलेली होती. बूड निळं-जांभळं झालेलं, दांडी काळी.

सर्जेरावनं रेग्युलेटर बसवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आम्ही काही बोलायचं नाही, काही सुचवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. इंदूताईंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

आक्काताईंनी पाणी ठेवलं. आलं कुटलं. चहाची पूड टाकली, दूध ओतलं. मधेच त्या थांबल्या, खिडकीबाहेर बघायला लागल्या. मागांचा खडखडाट येत होता. चहा वर चढत होता. सर्जेराव भिंतीपासून सुटला. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. चहा कडेला आला तेव्हा त्या वळल्या, भांडं उतरवलं, आणि त्याच गवळणीच्या चालीवर, अगदी हळू, आमच्यासाठी नाही तर स्वतःसाठी म्हणाल्या:

शेगडीचा पिळला कान गं बाई, टाकीचं मिटलं तोंड गं.

'कान' म्हणताना हात शेगडीच्या बटणावर होता. 'तोंड' म्हणताना रेग्युलेटरवर. दोन्ही बंद झाले. मग त्यांनी कढईकडे एकदा बघितलं आणि कप काढले.

"हे कधी केलंस?" सर्जेरावनं विचारलं.

इंदूताईंनी सांगितलं. रेग्युलेटर नसलेल्या शेगडीपुढे आक्का महिनाभर हे रोज म्हणते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. रिकामं भांडं ठेवते, उतरवते, कान पिळते, आणि टाकीवरचं फडकं उचलून मोकळ्या जागी हात फिरवते. आधी तिला वेड लागलं असं वाटलं होतं, असंही त्या म्हणाल्या.

आम्ही चहा प्यालो. त्यात साखर नव्हती. मी सर्जेरावकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. इंदूताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सर्जेरावनं कप रिकामा केला, आणखी अर्धा मागितला, आणि निघताना दुधाची रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली.

त्या टाकीतला गॅस थोड्याच दिवसांत संपला. नवी टाकी त्यानं दसऱ्याला आणून लावली, तिला झेंडूची माळ घातली. यंत्रमागांना घालतात तशीच. हे मला इंदूताईंनी सांगितलं.

यंत्रात टाकलेल्या आकड्यांचा अर्थ पुढे कळला. आक्काताईंना खरा प्रवाह मिळाला होता. इंदूताईंना मिळाला नव्हता. प्रयोगातल्या सगळ्या लोकांत मिळून दोन गटांमधला फरक काही ठाम म्हणता येईल एवढा निघाला नाही. इंदूताईंना मी त्यांचा गट सांगितला तेव्हा त्यांनी यंत्र बिघडलं असेल असं सांगितलं, कारण गुडघा अजून बरा होता.

माघात मी पाठपुराव्याच्या चाचणीसाठी आक्काताईंच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखलं, नाव आठवलं नाही, मास्तर आठवलं. त्या दिवशी घरात चहा नव्हता. टाकी आदल्या दिवशी संपली होती, रथसप्तमीचं दूध रीतीप्रमाणे उतू गेल्यावर लगेच, आणि सर्जेराव नवी घेऊन यायचा होता. आक्काताईंनी मला पाणी दिलं आणि त्याबद्दल दोनदा दिलगिरी व्यक्त केली. मी यादी वाचली. वीस मिनिटांनी विचारलं.

पंधरापैकी पाच शब्द आले. दसऱ्याला लावलेली टाकी एकशे पंधरा दिवस, म्हणजे पावणेचार महिने, गेली होती.